तक्त्याच्या आधीची पानं

आमच्या मुरूम गावच्या बाजारपेठेत मला 'धातूवाले सर' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ह्यांचा भंगाराचा धंदा असणार. एकदा एक गडी जळालेली पाण्याची मोटार खांद्यावर घेऊन थेट दारात आला आणि म्हणाला, "सर, आतलं तांबं काढून घेता का?" बायको आतून खो खो हसायला लागली. मी त्याला चहा पाजला, भंगारवाल्याचं दुकान कुठं आहे ते सांगितलं आणि रवाना केलं.

मी आपला भौतिकशास्त्राचा मास्तर. तालुक्यातल्या एका कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं आणि शिकवून उरलेल्या वेळात आयुष्यभर एकच उद्योग केला. धातूवर अचाट दाब आला तर उष्णतेशी असलेला त्याचा व्यवहार कसा बदलतो, हे काढत बसलो. तो किती फुगतो, किती उष्णता पोटात घेतो, कधी वितळतो, असलं सगळं. तुम्ही म्हणाल, मुरूमला असलं यंत्र कुठलं? नव्हतंच. माझा सगळा दाब कागदावर.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत, त्या सांगतो. पण एक गोष्ट अजिबात गमतीची नाही. ती एकदा छापून यावी म्हणूनच मी लिहायला हो म्हणालो.

पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा मार्गदर्शकांनी मला विचारलं, "तुमच्या कॉलेजात काय काय आहे?"

मी म्हणालो, "दोन व्हर्निअर आहेत सर. एक स्पेक्ट्रोमीटर आहे, त्याचा एक स्क्रू हरवलाय."

"आणखी?"

"माझा स्वतःचा कॅल्क्युलेटर आहे."

"मग भागलं," ते म्हणाले, "उच्च दाब घ्या."

आणि खरंच भागलं. त्या काळी लहान गावांतल्या कॉलेजांत बसून हेच काम करणारे माझ्यासारखे बरेच होते. ज्याच्याकडं यंत्र नाही त्यानं धरायचा हा विषय. परदेशातल्या लोकांनी मोजून छापलेले आकडे घ्यायचे, समीकरणात घालायचे आणि जे मोजायला अवघड ते त्यातून काढायचं. शहरातले लोक आम्हाला हसायचे. हसू द्यात बापडे. आम्ही फुकटची भाकरी खाल्ली नाही एवढं नक्की.

विषय ऐकायला भारी वाटतो, पण पंगत डोळ्यांपुढं आणली की समजतो. माणसं ऐसपैस बसली असली की कोपरं हलतात, कुणी मांडी बदलतो, कुणी मागं रेलतो. धातूतले अणू असेच जागच्या जागी हलत असतात. तापवलं की हालचाल वाढते, जागा जास्त लागते, म्हणून धातू फुगतो. आणखी तापवलं की पंगतच उठते, त्याला आपण वितळणं म्हणतो. आता त्याच पंगतीत वाढप्यानं "सरका, सरका" करत आणखी वीस माणसं घुसवली तर? कोपर हलवायची सोय उरत नाही. दाबाखालच्या धातूचं तसंच होतं. तापवला तरी तो फारसा फुगत नाही, आणि पंगत उठवायला आधीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. पृथ्वीच्या पोटात अगदी मध्यावर जे लोखंड आहे ते आपल्या भट्टीतल्या रसाहून जास्त तापलेलं आहे आणि तरी घट्टच्या घट्ट आहे, ते केवळ दाबामुळं. हे वर्गात सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो. बायको म्हणते, ह्या वयात काटा येतो तो थंडीनं.

ह्यात एक आकडा आहे, त्याला आम्ही गॅमा म्हणतो. धातूला फुगू न देता तापवलं तर आत किती दाब साठेल, ते हा गॅमा सांगतो. साध्या दाबाला तो सहज काढता येतो. लाखो पट दाबाला काढणं महाकठीण. दाब वाढला की गॅमा कमी होतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. किती कमी होतो, ह्यावर माझं अख्खं संशोधन उभं होतं. माझं म्हणणं असं, की धातूचं आकारमान ज्या पटीनं घटतं त्याच पटीनं गॅमा घटतो. साधा, सुटसुटीत नियम. आणि तो मी सिद्ध केला होता, निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर होते रसूलभाई. माणूस लाखात एक. रोज अकराचा चहा घेऊन यायचे आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारायचे, "आज काय दाबायलाव सर?"

"ॲल्युमिनियम."

"कितीवर नेलं?"

"हवेच्या दाबाच्या दहा लाख पट."

"या अल्ला! आन् टेबल कसं काय टिकलं हो?" असं म्हणून स्वतःच हसत निघून जायचे. पण परीक्षेच्या दिवसांत कुणी माझ्या कागदांना हात लावला तर रसूलभाई अंगावर धावून जायचे. "सरांचं दाबलेलं हाय ते, उचकू नका!" पोरांना काय कळायचं कोण जाणे, पण ती लांब व्हायची.

बाजारपेठेतल्या एका सराफानं मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "सर, सोनं लई दाबलं तर काय होतं?"

"आकारानं लहान होतं."

"आन् वजन?"

"तेवढंच राहतं."

"मग कशाला दाबायचं?" तो म्हणाला आणि दुकानात शिरला. ह्याचं उत्तर मला विद्यापीठाच्या समितीपुढंही धड देता आलं नव्हतं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतरच्या दिवसांत मात्र लोक चेष्टेनं विचारत नव्हते. "सर, तुमी जमिनीच्या पोटातलंच काढता न्हवं? मग खाली चाललंय तरी काय?" मी सांगायचो की माझं लोखंड हजार-दोन हजार कोस खाली आहे, आपल्याकडं हललं ते वरचं कवच. एक म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, "मग वरचंच शिकायचं ना, बाबा." तिचं घर पडलेलं होतं. मी मान खाली घालून तिथून निघालो, आणि पुढं कित्येक दिवस कागदाला हात लावावासा वाटला नाही.

आकड्यांसाठी आम्हाला हैदराबाद जवळ. हायवेवरच्या मुरूम मोडवरून सकाळची गाडी धरायची, दुपारी तिथल्या ग्रंथालयात पोचायचं. तिथं एक जाडजूड ग्रंथ होता, त्यात धातूंचे तक्ते होते. अमक्या दाबाला तमकं आकारमान, अशी पानंच्या पानं. हे आकडे धडकेच्या प्रयोगांतून आलेले. तोफेसारख्या नळीतून एक चकती सुसाट सोडायची आणि धातूच्या तुकड्यावर आदळवायची. पापणी लवायच्या आत अफाट दाब तयार होतो आणि विरतो, तेवढ्यात मोजून घ्यायचं. कसली डोकी असतील त्या लोकांची!

ग्रंथ बाहेर न्यायची परवानगी नव्हती. झेरॉक्सवाल्यापुढं ही रांग, आणि माझी परतीची गाडी चारला. मी फक्त तक्त्यांची पानं झेरॉक्स केली. तक्त्यांच्या आधी वीस-पंचवीस पानं मजकूर होता, तो सोडला. वाटलं, प्रयोगाचं वर्णन असेल, आपल्याला आकड्यांशी मतलब. आमच्यासारखे सगळे असंच करायचे. शिवाय एकमेकांच्या झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स काढायचे. त्यामुळं एकानं जी पानं सोडली ती पुढच्या दहाजणांच्या नजरेसही पडायची नाहीत. माझ्या प्रतीवरून लातूरपासून नांदेडपर्यंत किती प्रती निघाल्या, देव जाणे.

ते आकडे समीकरणात घालून मी तांब्याचा गॅमा काढला. आलेखाच्या कागदावर माझ्या नियमाची रेघ आधीच ओढून ठेवली होती. एकेक ठिपका पेन्सिलीनं मांडत गेलो, आणि एकेक ठिपका रेघेवर जाऊन बसला. एकही इकडं नाही की तिकडं नाही. मी खुर्ची मागं ढकलून उठलो, रसूलभाईंना हाक मारली आणि कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "सर, ओळंबा धरून ठोकल्यावानी झालंय हो!" त्या दिवशी आम्ही दोघांनी प्रयोगशाळेतच भजी मागवून खाल्ली. तसा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. पुढं तो फोल निघाला, तरी त्या दुपारचा आनंद मी काही परत करणार नाही.

त्यावर माझे दोन पेपर छापून आले. पीएच.डी. झाली. गावानं शाल-नारळ दिलं. त्या पेपरांचा उल्लेख पुढं जगात कुणी केला म्हणाल तर चार ठिकाणी, त्यातल्या तीन ठिकाणी मीच.

महानंदा माझी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान असलेल्या शिवमूर्तीअप्पांची धाकटी लेक. घरात कानडी, दुकानात मराठी आणि वर्गात चिडीचूप. पुढं एम.एस्सी. करून ती आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढीच नोकरी; उन्हाळ्याची सुट्टी लागली की नोकरीही सुट्टीवर. अशी दहा-बारा वर्षं काढली तिनं. पर्मनंट जागा निघाली तर पीएच.डी. हवीच, म्हणून माझ्याकडं नाव नोंदवलं. मी कडक गाईड होतो असं लोक म्हणतात. कडक कसला, चिडका होतो. ती मात्र कधी चिडली नाही. मी कागद फेकला की तो उचलायची, दोन दिवसांनी दुरुस्त करून पुन्हा पुढं ठेवायची.

अप्पांनी एकदा मला दुकानात बसवून घेतलं. पांढरी टोपी, कपाळाला भस्माचे पट्टे, आवाज खणखणीत. "सर, पोरगी काय करायलीय ते मला काय कळत न्हाय. पण तांब्याचं हाय म्हणती. म्हणजे घरचाच धंदा की!"

मी म्हणालो, "अप्पा, तुमचं तांबं आणि आमचं तांबं एकच. आम्ही फक्त जरा जास्त दाबतो."

"दाबलं की घट्ट होतंय, ते आम्हाला बी ठावं हाय. तांबट घागर उगंच ठोकत न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचं तेवढं पर्मनंट होऊ द्या सर. मी हाय तंवर होऊ द्या. तुमच्या हवाली केलीय." बाजारपेठेत सगळ्यांना उधारीच्या शिव्या घालणारा माणूस, माझ्यापुढं हात जोडून बसला होता. मी म्हणालो, "अप्पा, काळजी सोडा."

महानंदानं माझा नियम घेतला आणि सहा धातूंना लावला. संगणकावर सगळं स्वतः लिहिलं. माझ्या वर्षभराच्या कॅल्क्युलेटरचं काम तिचा संगणक एका चहात करायचा. तिचं तिसरं प्रकरण म्हणजे माझा तो आलेख, सहा वेळा. प्रबंध सादर झाला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले, व्हायवाची, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेची, तारीख ठरली. त्यातच आमच्या कॉलेजात पर्मनंट जागेची जाहिरात निघाली. मुलाखत व्हायवानंतर महिन्यानं. म्हणजे सगळं कसं जुळून आलं होतं. मी त्याच वर्षी निवृत्त होणार होतो, आणि माझ्याच जागी माझी विद्यार्थिनी बसणार म्हणून मीच गावभर सांगत सुटलो होतो.

व्हायवाला पंधरा दिवस राहिले असताना ती दुपारी माझ्या टेबलापाशी आली. हातात छापलेली पानं. तो हैदराबादचा ग्रंथ आता अख्खाच्या अख्खा इंटरनेटवर मिळतो, तो तिनं सगळा वाचून काढला होता.

"सर, ह्या तक्त्यांच्या आधीची पानं वाचली होती का हो तुम्ही?"

"कुठली पानं?"

"मजकुराची. हे आकडे सरळ मोजलेले नाहीत सर."

"मग काय स्वप्नात दिसलेत?"

ती खाली बसली आणि मला समजावून सांगू लागली. धडकेत धातू दाबला जातो तसा तापतोही. गार धातूचं आकारमान हवं असेल तर उष्णतेचा वाटा वजा करावा लागतो. तो वजा करायला गॅमा लागतो. पण एवढ्या दाबाचा गॅमा कुणाकडं होता? म्हणून तक्ते करणाऱ्यांनी आधीच्या पानांत प्रामाणिकपणानं लिहून ठेवलं होतं, की आम्ही असं धरून चाललो आहोत: आकारमान ज्या पटीनं घटेल त्याच पटीनं गॅमा घटतो. म्हणजे माझाच नियम. त्यांनी तो आकड्यांत आधीच घालून ठेवला होता. मी त्याच आकड्यांतून तो बाहेर काढला आणि सिद्ध झाला म्हणून पेपर छापला. दुसऱ्यानं भरणीत घातलेली लिंबं काढायची आणि माझ्या झाडाला लागली म्हणून सांगायचं, त्यातला प्रकार.

माझं डोकं फिरलं. "मला शिकवायलीस? तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हापासून मी हे आकडे वापरतोय!"

"तेच तर म्हणायली सर," ती हळूच म्हणाली आणि पानं टेबलावर ठेवून तासाला गेली.

रविवारी घरी बसून मी सगळं पुन्हा मांडलं. दुपारपर्यंत कळून चुकलं की पोरीचं शंभर टक्के बरोबर आहे. जेवणावरून उठलो. बायकोनं विचारलं तर पोट ठीक नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी महानंदा म्हणाली, "सर, आपण विद्यापीठाला कळवू. तिसरं प्रकरण काढते, नवं लिहिते. वर्ष जाईल, जाऊ द्या."

"आणि जागा? ती काय वर्षभर तुझी वाट बघत बसेल?"

ती टेबलावरची पानं गोळा करू लागली.

"व्हायवा होऊ दे," मी म्हणालो. "डिग्री हातात पडू दे, मुलाखत होऊ दे. मग आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू. तोवर कुणाला बोलू नकोस."

"कुणी विचारलं तर?"

"कुणी विचारत नसतं."

"आणि विचारलंच तर सर?"

"मी आहे ना."

हे सगळं मी तिच्यासाठी म्हणालो, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. माझा निरोप समारंभ ठरला होता, त्यात प्राचार्य माझ्या नियमावर बोलणार होते. आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध केली होती हो मी. ती निवृत्तीच्या तोंडावर मोडीत काढायची माझी छाती झाली नाही.

व्हायवा धाराशिवला झाली. अप्पा मागच्या रांगेत बसले होते, नवी टोपी, मांडीवर पेढ्यांचा डबा. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे, वयस्कर, मऊ बोलणारे. तासभर सगळं छान चाललं. मग त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं आणि आलेखावर बोट ठेवलं. इंग्रजीत म्हणाले त्याचा अर्थ असा: हे फारच सुंदर जुळलंय, इतकं सुंदर जुळलं की मला भीती वाटते, का जुळलं असावं?

महानंदानं माझ्याकडं बघितलं. मी प्रबंधाची पानं उलटत होतो. काहीतरी शोधतोय असं दाखवत होतो.

ती फळ्याकडं वळली. "सर, ते जुळणारच," म्हणाली आणि मला सांगितलं होतं ते सगळं, पायरीपायरीनं, फळ्यावर लिहून दाखवलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" परीक्षकांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले सर."

"मग प्रबंध मागं का घेतला नाही? तुमच्या गाईडना सांगितलं होतं का?"

आता उठायला हवं होतं. "हो, तिनं सांगितलं होतं," एवढंच म्हणायचं होतं. मी खुर्चीचे हात धरले. उठलो नाही.

"नाही सर," महानंदा म्हणाली. "त्यांना सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

परीक्षक वाईट माणूस नव्हते. प्रकरण बदलून प्रबंध पुन्हा सादर करावा, असं त्यांनी लिहिलं. पण अहवालात हेही लिहिलं, की कुमारी महानंदा शिवमूर्ती कोराळे यांनी त्रुटी ठाऊक असूनही ती मार्गदर्शकांपासून लपवली. त्या कागदावर गाईड म्हणून माझी सही आहे. बाहेर व्हरांड्यात अप्पांना कुणीतरी निकाल समजावून सांगितला. त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं. मग डबा उघडून माझ्यापुढं धरला. "घ्या सर. तुमची काय चूक हाय ह्यात? आमचीच पोरगी निघाली तशी." मी पेढा घेतला आणि खाल्ला.

महिन्यानं मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला मिळाली. महानंदा जळकोटला ज्युनिअर कॉलेजात लागली. मी शाल-नारळ घेऊन निवृत्त झालो. बाजारात लोक मला थांबवून हळहळायचे, "काय सर, जिला शिकवलं तिनंच असं करावं?" मी म्हणायचो, "जाऊ द्या हो, पोर आहे, चुकतं." आणि वर लोक म्हणायचे, सरांचं मन किती मोठं! बरीच वर्षं मी हे मोठं मन मिरवलं. स्वतःची अशी किळस मला कधी आली नव्हती.

तिनं प्रबंध दुसऱ्या गाईडकडं पूर्ण केला. छापील प्रत मला पोस्टानं पाठवली. नव्या तिसऱ्या प्रकरणासाठी तिनं वेगळ्या प्रयोगांचे आकडे घेतले, हिऱ्यांच्या चिमटीत धातू धरून सावकाश, गारच ठेवून दाबतात त्यांचे. त्यावरून दाखवलं की गॅमा माझ्या नियमानं घटत नाही; प्रत्येक धातूची चाल निराळी असते. मी ते तीनदा वाचलं. असं देखणं काम माझ्या हातून जन्मात झालं नाही. ऋणनिर्देशात पहिलं नाव माझं होतं.

ह्या अंकाचं पत्र आलं तसा मी एस.टी.नं जळकोटला गेलो. महानंदा प्रयोगशाळेत वह्या तपासत होती. केस पांढरे झालेत तिचे. "सर! कसं काय आलाव? फोन तरी करायचा." तिनं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

मी म्हणालो, "त्या दिवशी तू मला आधीच सांगितलं होतंस, हे मी दिवाळी अंकात लिहिणार आहे."

ती वह्यांवरून हात फिरवत राहिली. "आता कशाला सर? माझं चाललंय बरं. पोरं चांगली आहेत इथली."

"तू म्हणत असलीस तर तुझं नाव घालत नाही. एक विद्यार्थिनी, एवढंच लिहितो."

तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिला चिडलेली मी पहिल्यांदा बघितली.

"एक विद्यार्थिनी कशाला सर? अहवालात पूर्ण नाव होतं की! अप्पांनी तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवला. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, 'सरांची माफी मागून ये गं.' मी व्हय म्हणाले."

मी विचारलं, "त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुमचं तोंड बघितलं नसतं. गावात एका माणसाला मानायचे ते, तुम्हाला." तिनं डोळे पुसले आणि लाल पेन उचललं. "लिहा सर. पण पूर्ण नाव घाला. अप्पांच्या नावासकट."

तर लिहितो. महानंदा शिवमूर्ती कोराळे हिनं व्हायवाच्या पंधरा दिवस आधी, माझ्या टेबलापाशी बसून, मला सगळं सांगितलं होतं. मी तिला गप्प राहायला सांगितलं, आणि परीक्षकांनी तिला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. अप्पा, तुमच्या लेकीनं मला फसवलं नाही. तुम्हाला मी फसवलं. माफी मला मागायची होती, आणि तुम्ही आता ऐकायला नाहीत.